कुंपणाबाहेर आडवी पसरलेली जाळी: नऊ महिन्यांनंतर

आधी आमच्या कोंबड्यांच्या आवाराला षटकोनी घरांची पातळ जाळी होती. ती कोंबड्यांना आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही, हे दोन तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, गेल्यावर कळलं. जाळी जागच्या जागी होती. तिच्याखाली वीतभर रुंद भोक आणि ओल्या मातीला चिकटलेली पिसं. अंड्यावर येऊ घातलेल्या होत्या दोघी. अजून वाईट वाटतं.

मग 12 मिलिमीटर चौकोनी घरांची, गॅल्व्हनाइज्ड वेल्डेड जाळी आणली, रुंदी 90 सेंटिमीटर. लांबीभर काटकोनात वाकवली. 30 सेंटिमीटर उभी, कुंपणाला बांधलेली. उरलेली 60 बाहेरच्या बाजूला जमिनीवर आडवी. त्यावर दोन बोटं माती. खरं तर चर खणून ती उभी पुरायची होती, पण हातभर खाली दगड लागला आणि बेत सोडला. बरंच झालं. उकरणारं जनावर कुंपणाच्या अगदी पायाशी पंजे मारतं. तिथे तार लागली की जरा डावी-उजवीकडे सरकून बघतं. दोन फूट मागे जाऊन तिथून भुयार काढायचं सहसा त्याला सुचत नाही.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मागच्या बाजूला तीन ठिकाणी माती उडालेली दिसली. खाली जाळी उघडी पडली होती, तारांवर नखांचे पांढरे ओरखडे. आत सगळ्या कोंबड्या शाबूत. त्या दिवशी मी ती जाळी हाताने पुसून पुन्हा मातीखाली घातली.

जाळीत खोट नाही, माझ्या बांधणीत होती. दोन तुकडे मी नुसते एकमेकांना टेकवले होते. तिथून उंदीर आत आले. आता जोडावर 15 सेंटिमीटर एकावर एक घेतली आहे आणि बाइंडिंग तारेने शिवली आहे. कोपऱ्यांवर जाळी वाकवली की मधे त्रिकोणी फट राहते, तिथे वेगळा तुकडा लागतोच. प्लॅस्टिकचे बंद वापरू नका. उन्हाने कडक होऊन सहा महिन्यांत पटापट तुटले. दाराखाली जाळी टिकेना, सारखी पायात यायची. तिथे सलग फरशा बसवल्या.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. कोंबड्या स्वतःच आतून पाया उघडा करतात. मातीत लोळायला त्यांना कुंपणालगतचीच जागा आवडते, आणि तिथे महिन्याभरात परातीएवढा खड्डा होतो. तो मी भरते आणि लोळायला मधोमध राख-मातीची जागा करून दिली आहे. बऱ्याचजणी तिकडे वळल्या.

गंज? कापलेल्या टोकांना आणि मातीच्या रेषेवर थोडा दिसतो, बाकी तार शाबूत आहे. बाहेरच्या पट्ट्यावर गवताने मुळं धरली आहेत, त्यामुळे जाळी आता हाताने ओढूनही उचलत नाही. फक्त पावसाचं पाणी जिथे पत्र्यावरून पडतं तिथली माती वाहून जाते. म्हणून प्रत्येक मोठ्या सरीनंतर जाड बूट घालून कडेकडेने एक फेरी मारते, आणि पायाखाली जाळी उचललेली लागली की तिथे खुंटी ठोकते.