फ्रेमलेस वायपर आठ महिने वापरल्यावर: थडथड रबराची नव्हतीच

मागच्या जूनमध्ये, मृग लागायच्या तोंडावर, गाडीला फ्रेमलेस, म्हणजे वर लोखंडी सांगाडा नसलेल्या, वायपरची जोडी घातली. जुन्या ब्लेडचं रबर वाळून इतकं कडक झालं होतं की नखाने दाबलं तरी दबेना. आपल्या परभणीकडे मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो, आणि वायपर तापलेल्या काचेवर महिनोन्‌महिने नुसते पडून असतात. पाऊस येईपर्यंत रबराचं आयुष्य उन्हातच सरलेलं असतं. नवी जोडी सातशेला पडली. दोन्ही बाजूंची लांबी सारखी नसते, म्हणून जुनी ब्लेडं टेपने मोजूनच दुकानात गेलो.

पहिले पंधरा दिवस छान गेले. मग गंगाखेड रोडला भुरभुर सुरू झाली की थडथड, थडथड. बायको म्हणाली, "अहो, बंद करा ते, डोकं उठलं." मी दुकानदारावरच चिडलो होतो.

एका रात्री ओल्या काचेवरून बोट फिरवलं, तर ते मध्येच अडखळलं. काचेवर चिकट थर होता. वॉशिंग सेंटरवर बॉनेटबरोबर काचेलाही पॉलिश फासलं होतं, त्यावर ट्रकांचा धूर आणि रात्रीचे किडे. भांड्याच्या साबणाने काच दोनदा धुतली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पुसली. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग तरीही राहिले. ते व्हिनेगर-पाण्याने गेले. रबराची कडही ओल्या फडक्याने पुसली, फडकं काळंकुट्ट झालं. आमच्याकडे काही जण डिझेलचा बोळा फिरवतात. तसं करू नका. रबर फुगतं आणि काचेवर पुन्हा तेलकट थर बसतो.

निम्मा आवाज गेला. उरलेला फक्त वायपरच्या परतीच्या फेरीला यायचा: जाताना गप्प, येताना थडथड. ही खूण फार कामाची आहे. गॅरेजवाल्या मामांनी वायपर अर्ध्यात असताना चावी बंद केली, खाली वाकून बाजूने पाहिलं आणि म्हणाले, "दांडी पिळली दादा, रबर काय करणार?" दांडी म्हणजे ब्लेड धरणारा लोखंडी हात. रबराची कड काचेला काटकोनात उभी असली तर दर फेरीला दुसऱ्या बाजूला लवते. दांडी पिळलेली असली की कड एकाच बाजूला झुकून राहते आणि परतताना काचेवर उड्या मारते. मामांनी ब्लेड काढलं, काचेवर जाड टॉवेल घातला (नुसती दांडी सुटून आपटली तर काचच तडकते) आणि दोन पान्यांनी दांडी जराशी, अगदी जराशी पिळली. ब्लेड लावून पाणी मारलं. आवाज बंद.

तेव्हापासून पाच मिनिटांचं काम दर रविवारी करतो: काच आणि कड ओल्या फडक्याने पुसायची. धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर वायपर कधीच चालवत नाही. वॉशरच्या टाकीत बोअरचं पाणी घालणं सोडलं, फिल्टरचं घालतो.

ब्लेडचं म्हणाल तर किमतीच्या मानाने चांगली. ऑक्टोबरातल्या परतीच्या मुसळधार पावसातही काच स्वच्छ राहिली. आता फेब्रुवारीत डावीकडच्या ब्लेडच्या टोकाला पाण्याची बारीक रेघ राहते, समोरचं दिसायला अडचण नाही. उन्हाळाभर गाडी लिंबाखाली लावणार आहे. मे संपताना पुन्हा नखाने दाबून बघेन. रबर दबलं नाही तर मृगाआधी फक्त तेवढं एक ब्लेड बदलेन.