डोक्यात घुसलेली वस्तू आणि एक दिवसाचं ट्रेनिंग: पाचपैकी साडेतीन

आर्मी मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून रिटायर झालो, सध्या चाकण एमआयडीसीत एका कंपनीच्या ओएचसीत, म्हणजे कामगारांच्या दवाखान्यात आहे. ग्राइंडरची डिस्क फुटते, सळया लागतात, म्हणून मॅनेजमेंटनं एका खासगी संस्थेकडून डोक्याच्या जखमांवर प्रथमोपचाराचं ट्रेनिंग ठेवलं.

डमीच्या कपाळात स्क्रू ड्रायव्हर रुतवलेला. पहिल्याच फिटरनं सवयीनं तो उपटायला हात घातला आणि ट्रेनर मॅडम कडाडल्या, "हात मागे!" घुसलेली वस्तू फुटलेल्या रक्तवाहिनीला बूच होऊन बसलेली असू शकते, ती निघायची तर ऑपरेशन टेबलावरच. दोन्ही बाजूंना बँडेजच्या गुंडाळ्या रचून ती हलू द्यायची नाही, कवटीच्या भोकावर दाब द्यायचा नाही, नाकाकानातून पाणी गळत असेल तर बोळा कोंबायचा नाही. प्रत्येकाकडून करून घेतलं. फी इथेच वसूल झाली.

लढाईच्या स्लाइड्सना पोरं जांभया देत होती, मी मात्र सरसावून बसलो. १९१७ साली बेल्जियमच्या आघाडीवर अमेरिकन न्यूरोसर्जन हार्वी कुशिंग यांनी मेलेला मेंदू रबरी नळीनं शोषून काढून, जखम नीट साफ करून घट्ट शिवायला सुरुवात केली आणि ५० टक्क्यांच्या वर असलेलं मृत्यूचं प्रमाण ३०च्या खाली आणलं. पुढे १९८२च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सर्जननी खोल गेलेले हाडाचे तुकडे हट्टानं शोधणं सोडलं, कारण त्या शोधात चांगला मेंदूच खराब होतो.

आता तक्रार. फौजेत डोक्यावर हेल्मेट असतं, शेजारच्या जवानाला पट्टी बांधता येते आणि जखमीला मागे कुठे न्यायचं ते आधीच ठरलेलं असतं. आमच्या कामगाराच्या वाट्याला तळेगाव चौकातला ट्रॅफिक. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि न्यूरोसर्जन दोन्ही कुठे मिळतील, आधी फोन कुणी करायचा, यावर अवाक्षर नाही! ऑक्सिजन आणि बीपी तर दोन वाक्यांत उरकलं. अहो, वाटेत बीपी एकदा जरी कोसळलं तरी पेशंट हातचा जाऊ शकतो. ते सांभाळणं हेच तर आमच्या हातात असतं. दीड स्टार त्याचा कापला.

बॅच मोठी असेल तर दोन डमी मागून घ्या. आमच्याकडे एकच होती, मागच्या रांगेचा नंबर चहानंतर लागला.