फ्री डिश बसवून दहा महिने झाले: छत्रीपेक्षा घराची तयारी महत्त्वाची निघाली

मागच्या वर्षी दसरा झाल्यावर आमच्या साताऱ्यातल्या माची पेठेच्या घरावर डीडी फ्री डिशची छत्री बसवली, आता श्रावण चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. मार्चमधला उन्हाचा प्रकार झाला, वळीव झाला, जून-जुलैचा पाऊस झाला, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. बसवल्यावर आठ दिवसांत लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते आणि तुम्हाला फसवलं असतं.

घेतली कशासाठी ते आधी सांगतो. आमच्याकडे टीव्ही बघणारी एकटी आई. मी आणि बायको मोबाइलवर, पोरगी तर टीव्हीला भिंतीवरचं कॅलेंडर समजते. आईला सह्याद्री लागतं, बातम्या लागतात, कीर्तन लागतं, आणि एवढ्यासाठी मी महिन्याला तीनशे-साडेतीनशेचा रिचार्ज मारत होतो, त्यातले निम्मे चॅनेल कुठल्या भाषेतले ते पण कळत नव्हतं. फ्री डिशला महिन्याचं काही नाही. 2004 च्या डिसेंबरात दूरदर्शननं डीडी डायरेक्ट प्लस नावानं हे चालू केलं तेव्हापासूनच नाही, एकदा सामान घेतलं की विषय संपला. फक्त कंपनीचा माणूस घरी येऊन सगळं करून देणार असला प्रकार यात नाही. सामान तुमचं, जागा तुमची, मेकॅनिक तुम्हीच शोधायचा, आणि मेकॅनिक गेल्यावर जे काय होईल ते पण तुमचंच.

घर आमचं जुनं. पुढं पत्रा, मागं न्हाणी आणि जिन्यावर छोटा स्लॅब, त्यावर पाण्याची टाकी. डिश कुठं बसवायची यावरनं घरात दोन दिवस चर्चा. शेजारचे काका म्हणाले, "अरे तुझ्या अंगावर अख्खा अजिंक्यतारा आहे, तुला कुठला सिग्नल मिळतोय!" मला पण खरं वाटलं राव, कारण किल्ल्यावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडं काड्यांचा अँटेना फिरवण्यात आमचं लहानपण गेलंय, एकजण पत्र्यावर, एकजण दारात, एकजण टीव्हीपुढं, आलं आलं, गेलं, परत फिरव. त्यामुळं किल्ला आणि टीव्ही हे डोक्यात एकत्रच बसलेलं.

पण इथं हिशोब वेगळा आहे. फ्री डिश जीसॅट-15 वरून येते, तो उपग्रह विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशावर, जवळजवळ 36 हजार किलोमीटर उंच आहे. साताऱ्यातून तो आग्नेयेला, कंपासवर 130 च्या आसपास आणि जमिनीपासून साधारण 60 अंश वर येतो. 60 अंश म्हणजे चांगली मान वर करून बघावं लागतं. समोरची वस्तू जितकी लांब आहे त्याच्या पावणेदोन पट ती डिशपेक्षा उंच असेल तरच आड येते. दहा फुटांवरचं झाड असेल तर ते डिशच्या वर सतरा-साडेसतरा फूट पाहिजे. किल्ल्याचा माथा आमच्यापासून अर्धा किलोमीटर धरला तरी आड यायला त्याला साडेआठशे मीटर उंच व्हावं लागेल. काकांना हे कागदावर काढून दाखवलं, ते म्हणाले बरं बरं, आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. खरा त्रास द्यायचा तो जवळच्या गोष्टींनी: टाकी, जिन्याची भिंत, आणि पलीकडच्या काकूंचा शेवगा. शेवग्याचं पुढं येतंच.

बरं, मोबाइलचा कंपास पत्र्यावर उभं राहून बघू नका. मी बघितला, आग्नेय दिशा थेट बोगद्याकडं दाखवत होता, म्हणजे नैऋत्येला. लोखंडाजवळ तो वेडाच होतो. खाली मोकळ्या अंगणात येऊन दिशा घेतली, समोरच्या एका घराचा कोपरा खूण म्हणून धरला, मग वर जाऊन तो कोपरा बघितला. आणि डिश बघून तिचा रोख कळत नाही हे पण ध्यानात ठेवा, या छत्र्या ऑफसेट असतात, दिसायला बऱ्यापैकी उभ्या, पण सिग्नल घेतात त्याच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वरनं. काकांचा सगळा गैरसमज त्यातनंच होता, त्यांना डिश किल्ल्याच्या धारेकडं बघतेय असं वाटायचं.

मेकॅनिक (नाव नको, गावातलाच आहे) आला तो थेट पत्र्याच्या अँगलला भोकं पाडायला निघाला. म्हणे सगळ्यांची अशीच बसवतो. मी अडवला. पत्रा वाऱ्यात थरथरतो, उन्हात फुगतो, आणि डिश एखाददुसरा अंश हलली तरी चित्र जातं, हे मला बहिणीच्या घरी कोरेगावला बघून माहीत होतं, तिची छत्री दर वळवात फिरायची. म्हणून मी आधीच फॅब्रिकेशनवाल्याकडनं दीड इंची पाइपाचा पोल, खाली चौकोनी प्लेट वेल्ड करून, आणून ठेवला होता, साडेसहाशे रुपये. स्लॅबवर गवंड्यानं चार फास्टनर मारले, प्लॅस्टिकचे प्लग नाही, लोखंडी फास्टनर, आणि मग खिशातनं ओळंबा काढला. मी म्हटलं मिस्त्री, डिशच्या पोलला ओळंबा कशाला. तो म्हणाला, भिंत असो नाहीतर खांब, वाकडं काम माझ्या नावावर नको. दोन बाजूंनी ओळंबा लावला, एका बाजूला दोरा पाइपापासून दोऱ्याएवढाच लांब दिसत होता तर तिथं वॉशर घातला. आणि मंडळी, त्याच वॉशरमुळं पुढचं काम सोपं झालं. पोल सरळ उभा असेल तर डिशवर कोरलेले आकडे खरे ठरतात, उंचीचा कोन एकदा लावून घट्ट केला की नुसतं डावं-उजवं फिरवायचं. पोल कलला असेल तर प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंनी शोधत बसा. मेकॅनिक स्वतः म्हणाला की पंधरा मिनिटांत सापडलं, एरवी तास जातो. साडेतीनशेच घेतले तरी, पाऊण तास वाचवल्याचे कमी केले नाहीत.

वायर. सेटबरोबर मिळते ती पातळ, लवचिक, हातात धरल्यावरच कळतं काय आहे ते. मी आरजी-6 (डिशसाठीची जाड केबल) वेगळी घेतली, मीटरला 18 रुपयांनी, बावीस मीटर, मध्ये एकही जोड नाही. दुकानदार सारखा म्हणत होता पंधरा मीटर घ्या, कमी पडली तर जोडून देतो. जोड म्हणजे दुखणं विकत घेणं. दिवाळीआधी घराचं वायरिंग नवीन करत होतोच, त्यात टीव्हीच्या बोर्डपासून वर स्लॅबपर्यंत एक इंची पाइप टाकून घेतला आणि आत ओढायला नायलॉनची दोरी सोडून ठेवली. लाइटची वायर त्या पाइपात नाही घातली, ते वेगळंच ठेवा. एवढं केल्यामुळं भिंतीवर काळी वायर लोंबत नाही, किल्ल्यावरनं उतरणारी वानरं तिला लोंबकळत नाहीत (पूर्वी केबलच्या वायरीवर यांची जत्रा भरायची), आणि बायको खूश. हा खर्च वसूल. पोलला तांब्याची वायर बांधून अर्थिंगलाही जोडलीय, पण त्याच्या जिवावर बसू नका, वीज कडकडायला लागली की आम्ही बॉक्सचा प्लग काढतो आणि मागची वायर पण सोडतो.

सेटिंग करताना एकच सांगतो. स्क्रीनवर स्ट्रेंथ आणि क्वालिटी असे दोन पट्टे येतात. मेकॅनिक स्ट्रेंथ दाखवून "बघा 90" म्हणून निघायच्या तयारीत होता. स्ट्रेंथ डिश भलतीकडं असली तरी वर चढलेली दिसू शकते, क्वालिटी बघायची. आमची 62 होती, मी म्हटलं थांबा, एलएनबी (डिशपुढच्या दांड्यावरची सिग्नल पकडणारी डबी) क्लॅम्पमध्ये थोडी फिरवून बघा, तेवढ्यात 78 झाली. हे 62 ते 78 मधलं अंतर म्हणजेच पावसातला जीव.

आता महिन्यांचा अनुभव. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही लिहिण्यासारखं नाही, टीव्ही चालू, आई खूश, भारताची मॅच डीडी स्पोर्ट्सवर असली की काका पण आमच्याकडंच, आणि किल्ला आड येईल ही गोष्ट त्यांनी कधी काढली नाही.

मार्चच्या मध्याला चार-पाच दिवस सकाळी सव्वाअकराच्या सुमारास चित्र तुटायचं, पाच-दहा मिनिटांत आपोआप यायचं. मी दोनदा वर चढून नटबोल्ट आवळून आलो, उगाच. उपग्रहाच्या बरोबर मागं सूर्य येतो तेव्हा हे होतं, वर्षातनं दोनदा, ऑक्टोबरच्या सुरुवातीला परत होणार. काही करायचं नाही, चहा घ्यायचा.

एप्रिल सुरू झाला आणि आईची एक मालिका गायब. खासगी चॅनेलच्या जागांचा लिलाव होतो, ज्याचा स्लॉट गेला त्याचं चॅनेल गेलं, याला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. रीट्यून मारा, नवीन काय आलंय बघा. आणि बॉक्स एमपेग-4 (चित्र पाठवायची नवी पद्धत) चाच घ्या, जुना स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, त्यावर सगळे चॅनेल दिसत नाहीत. आई अजून म्हणते "तुझ्या फुकटच्या डिशनं माझी मालिका घालवली".

वळवात डिश तसूभर हलली नाही, मिस्त्रीला फोन करून सांगितलं. पण चित्र जातं हो. मजा म्हणजे आमच्या अंगणात थेंब नाही आणि टीव्ही बंद, कारण सिग्नल तिरका येतो, तिकडं गोडोलीच्या बाजूला ढग फुटला की आमचं चित्र आधी जातं. आई आता त्यावरनं वाळत घातलेल्या कुरडया काढते. जूनपासनंच्या रिपरिप पावसानं मात्र फारसं बिघडत नाही, धो धो कोसळला तरच दहा-पंधरा मिनिटं.

आणि मग जुलै. क्वालिटी 78 वरनं 70, मग 58, पाऊस थांबला तरी वर येईना. मी म्हटलं ढग असतील. आषाढी दशमीच्या रात्री साडेनऊला टीव्ही पूर्ण बंद, आणि पहाटे अडीचला पंढरपूरची महापूजा. आई पूर्वी पालखीला लोणंदला जायची, आता गुडघ्यांमुळं जमत नाही, म्हणून ही महापूजा ती सोडत नाही, आंघोळ करून बसते. ती काही बोलली नाही, नुसती बंद टीव्हीपुढं माळ घेऊन बसली. ते बघून वर चढलो. आधी खाली बॉक्सचं बटण बंद केलं (चालू असताना वायर काढली आणि शॉर्ट झाली तर बॉक्स जातो), बायको छत्री धरून, पोरगी मोबाइलचा टॉर्च धरून. एलएनबीचा कनेक्टर सोडला तर आतनं चक्क पाण्याचा थेंब पडला, आणि मधली तांब्याची तार देवघरातल्या न घासलेल्या तांब्यासारखी हिरवीगार. मेकॅनिकनं रबराची टोपी घातलीच नव्हती. चार इंच वायर कापली, ब्लेडनं सोलली, नवीन कनेक्टर पिळला, वरनं रबर टेप गुंडाळली, आणि पाण्याची बाटली अर्धी कापून मागच्या बाजूनं टोपीसारखी घातली, एलएनबीचं तोंड मोकळं ठेवून. खाली आलो, 76. रात्री पावणेबारा. आईनं मला पेढा दिला, नैवेद्याचा होता, पूजेआधीच.

दुसऱ्या दिवशी कळलं की टीव्हीमागची भिंत पण ओली आहे. ही चूक शंभर टक्के माझी. मी जो एवढा हौसेनं पाइप टाकला त्याचं वरचं तोंड सरळ आकाशाकडं उघडं ठेवलेलं, पावसाचं पाणी वायरीवरनं घसरत थेट बोर्डात. तिथं उलटा बेंड पाहिजे होता, तोंड खाली, आणि वायरीला आत शिरायच्या आधी खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडतं. साठ रुपयांचं काम. आता केलंय, भिंतीचा गिलावा मात्र फुगलाय, दिवाळीत रंग देताना बघू.

सध्या क्वालिटी परत 66 वर आलीय, आणि या वेळी कनेक्टर कोरडा आहे, वर जाऊन बघितलं. काकूंचा शेवगा. ऑक्टोबरात छाटलेला होता, नुसता बुंधा, मी हिशोबातच धरला नाही. पावसात तो एवढा वर गेलाय की वारा सुटला की एक फांदी बरोबर डिशच्या रेषेत येते आणि कीर्तनकार अडखळतात. काकूंशी बोलायचंय, पण त्या दर आठवड्याला आईला पिशवीभर पाला आणून देतात भाजीला, त्यामुळं विषय कसा काढायचा ते अजून ठरत नाहीये.