ब्रेसेससाठी दाढा काढाव्यात की वाचवाव्यात?

कोथरूड असो की हडपसर, मुलीला ब्रेसेस सुचवले की आईबाप हमखास विचारतात, "चार दाढा काढल्या तर चेहरा बसेल का हो?" प्रश्न रास्त आहे.

काढतात त्या बहुधा सुळ्यामागच्या लहान दाढा. प्रत्येक दाढ काढल्यावर सुमारे 7 मिमी जागा मिळते. दात फार पुढे असतील, ओठ मिटताना हनुवटीवर ताण येत असेल, तर या जागेत दात मागे घेता येतात. ओठही मागे जातात, पण दातांपेक्षा कमी. अशा चेहऱ्याला हा उपाय खरोखर खुलवतो. ओठ मुळातच पातळ आणि नाक-हनुवटी ठसठशीत असेल, तर मात्र चेहरा बाजूने चपटा दिसू शकतो. तिथे मी आधी दुसरा पर्याय बघेन.

दुसरा पर्याय, म्हणजे जबड्याची कमान थोडी रुंदावणं किंवा दातांच्या कडा किंचित घासणं. दातांच्या थोड्या गर्दीला पुरेसं. गर्दी जास्त असताना दाढा न काढण्याचा हट्ट धरला, तर दात पुढे झुकतात, ओठ फुगीर दिसतात, हिरड्याही उतरू शकतात.

दाढा काढाव्यात की नाही, हा वाद 1911 पासून अमेरिकेत गाजतोय. तुम्ही डॉक्टरांकडे बाजूचा एक्स-रे, सेफॅलोग्राम, मागा आणि त्यावर ओठांची रेषा, म्हणजे नाक-हनुवटीच्या तुलनेत ओठ किती पुढे-मागे आहेत ते, समजावून घ्या.