नऊ महिने घरच्या साबणावर

गेल्या दिवाळीनंतर घरी साबण करायला घेतला, तो अजून सुरू आहे. आतापर्यंत सात घाणे झाले. दोन फसले, एक कपडे धुण्यात गेला, बाकीच्यांवर आम्हा चौघांच्या अंघोळी चालल्या. मैत्रिणी विचारतात, "खरंच फरक पडतो का गं?" त्याचं उत्तर हो आणि नाही दोन्ही आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज. या साबणाला सगळे 'केमिकल-फ्री' म्हणतात. यात कॉस्टिक सोडा लागतो, तुंबलेलं ड्रेनेज मोकळं करायला वापरतात तोच. त्याच्याशिवाय वडी होत नाही. तयार बेस वितळवून साच्यात ओतणाऱ्यांच्या बाबतीत ते काम आधी कारखान्यात झालेलं असतं, एवढंच. कॉस्टिक आणि तेल मिळून साबण आणि ग्लिसरीन होतं. माप बरोबर असेल तर शेवटी कॉस्टिक उरत नाही. माप चुकलं तर वडी अंगाला झोंबते. म्हणून वाटी-चमच्याचं प्रमाण कुणी सांगितलं तर सरळ दुर्लक्ष करा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा हवाच.

पहिला घाणा नुसत्या खोबरेलाचा. माहेर सावंतवाडीकडचं, घाण्याचं तेल घरात भरपूर. ५०० ग्रॅम तेलाला ८७ ग्रॅम कॉस्टिक घेतला, म्हणजे तेल पाच टक्के जास्त राहील असा. वडी पांढरीशुभ्र, दगडासारखी टणक, फेस तर विचारू नका. पण चार दिवसांत हातापायांवर पांढऱ्या रेघा उठायला लागल्या, त्यात थंडीचे दिवस. खोबरेलाचा साबण तेलकटपणा फार ओढतो. नुसतं तेच वापरायचं तर वीस टक्के तेल जास्त ठेवावं लागतं, म्हणजे कॉस्टिक ७३ ग्रॅमच. हे मला नंतर कळलं. तो घाणा किसून कपड्यांना वापरला. कॉलर काय निघाल्या!

आता माझं माप ठरलंय. ऑलिव्ह ३००, खोबरेल १५०, एरंडेल ५० ग्रॅम. कॉस्टिक ७० ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. एरंडेलामुळे फेस टिकतो, खोबरेलामुळे वडी घट्ट होते, ऑलिव्हमुळे अंग ओढल्यासारखं होत नाही. तेल बदललं की कॉस्टिक बदलतो, त्यामुळे माझे आकडे दुसऱ्या तेलांना लावू नका. ऑनलाइन सोप कॅल्क्युलेटर फुकट आहेत, दर वेळी त्यात घालून बघायचं. मीही बघते.

कॉस्टिकचं काम मी गॅलरीत करते, हातमोजे आणि चष्मा घालून, मुलगा शाळेत असताना. पाण्यात कॉस्टिक सोडायचा, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, नाहीतर उसळून अंगावर येतं. ढवळता ढवळता गार पाणी उकळत्या चहासारखं तापतं आणि नाकात झोंबणारी वाफ येते. ते पाणी आणि तेल दोन्ही कोमट झालं की मगच एकत्र करते.

दुसऱ्या वेळी मी घाईत जर्मनचं पातेलं घेतलं. मिनिटभरात आत सोडावॉटरसारखे बुडबुडे, पातेलं काळं. ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं आणि हायड्रोजन सुटतो. शेजारी शेगडी पेटती नव्हती हे नशीब. तेव्हापासून स्टीलचं एक पातेलं साबणासाठीच बाजूला काढलंय, त्याला स्वयंपाकाला हात लावू देत नाही.

तिसऱ्या घाण्याची गंमत सांगते. हौसेने त्यात दोन चमचे हळद घातली. डोळ्यांसमोर पिवळीधमक वडी होती. ब्लेंडर फिरवला आणि सगळं मिश्रण लालभडक! मी घाबरून सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "अगं, हळदीला चुना लावला की कुंकू होतं, एवढं ठाऊक नाही तुला? शर्टावरच्या वरणाच्या डागाला साबण लावून बघ, लाल होतो की नाही." कॉस्टिक चुन्याहूनही जहाल, मग दुसरं काय होणार! महिन्याभरात तो लाल रंग उतरून गुळावर आला. साबण चांगला निघाला, पण पांढरा टॉवेल गेला.

मिश्रण पिठल्याइतकं दाट झालं की ओतायचं. श्रीखंड झालं तर उशीर झाला, मग ते चमच्याने साच्यात थापावं लागतं. साचा म्हणजे माझ्याकडे मिठाईचा खोका, आत बटर पेपर. दुसऱ्या दिवशी वड्या पाडायच्या आणि चार ते सहा आठवडे हवेशीर ठेवायच्या. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता, आठव्या दिवशी वापरायला काढली तर वडी साबणदाणीत शेंबडासारखी झाली. आता मी प्रत्येक वडीचं वजन पेन्सिलने कागदावर लिहून ठेवते. हिवाळ्यात १०२ ग्रॅमची वडी पाच आठवड्यांत ९० वर आली. पावसाळ्यात त्याच मापाची वडी ९७ वर अडून बसली आणि वर घामाचे थेंब. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं, त्याला इलाज नाही. जून ते सप्टेंबर मी नवा घाणा टाकत नाही.

पाचव्या घाण्यात ऑलिव्ह महाग वाटलं म्हणून निम्मं सूर्यफुलाचं तेल घातलं. तीन महिने छान. मग वड्यांवर नारिंगी ठिपके आणि जुन्या फरसाणासारखा खवट वास. तो फेकला.

आता वापराचं. अंगाला हा साबण मला मनापासून आवडला. हिवाळ्यात अंघोळीनंतर लगेच तेल चोळायची घाई राहिली नाही. नवऱ्याला फरक कळत नाही, त्याला कुठल्याच साबणातला कळत नाही. चेहऱ्याला मात्र मी बंद केला. साबण म्हटला की तो अल्कधर्मी असणारच, पीएच नऊ-दहाच्या आसपास. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. माझा चेहरा तासाभरात ताणायला लागायचा.

केसांचं तर नावच नको. आमच्या सोसायटीत निम्मे दिवस बोअरचं पाणी. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा चिकट साका होतो. तोच बादलीच्या कडेला करडा थर होऊन बसतो आणि तोच केसांत. दोन आठवडे हट्टाने धुतले, केसांचा काथ्या झाला. शाम्पूवर परत आले, रविवारी शिकेकाई. नळाला गोडं पाणी असेल तर तुमचा अनुभव वेगळा येईल. माहेरी विहिरीच्या पाण्यावर तीच वडी दुप्पट फेसाळते.

साबणाबरोबर क्रीमचीही हौस केली. कुंडीतल्या कोरफडीचा गर, बदाम तेल, मेण, वरून व्हिटॅमिन ई. पहिल्या दिवशी लोण्यासारखं. नवव्या दिवशी, फ्रिजमध्ये असूनही, झाकणाखाली हिरवी बुरशी. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून थोडं वाचवतं, जंतूंना नाही. ज्यात पाणी किंवा गर आहे ते प्रिझर्व्हेटिव्हशिवाय टिकत नाही, आणि बुरशी दिसायच्या आधीच ते बिघडलेलं असू शकतं. क्रीम आता मी विकतचंच लावते.

पण पाणी नसलेला मलम? नऊ महिन्यांत सगळ्यात जास्त वापरलेली गोष्ट तीच. कोकणात आज्या कोकमाच्या बियांचं तेल वापरतात ना, अंड्याएवढे पांढरट गोळे, आमच्याकडे त्याला भिरंडेल म्हणतात. आजी तो गोळा दिव्यावर धरून टाचेच्या भेगेत थेंब सोडायची आणि आम्ही किंचाळायचो. मी न किंचाळता करते. भिरंडेल ३० ग्रॅम, मधमाश्यांचं मेण २०, तिळाचं तेल ५०, गरम पाण्यावर भांडं ठेवून वितळवायचं, छोट्या डब्यांत ओतायचं. रात्री टाचांना लावून मोजे घालते. कॉस्टिक नाही, सहा आठवडे वाट बघणं नाही, डिसेंबरचा डबा अजून ताजा. घरी काही करून बघायचंच असेल तर इथून सुरुवात करा.

खर्चाचं म्हणाल तर माझ्या मापाच्या एका घाण्याला तेलासकट तीनशेच्या वर जातात, वड्या निघतात सात. काटा आणि ब्लेंडर वेगळे. पैसे वाचवायला हे करू नका. सोसायटीतल्या दोघींनी विकत मागितल्या, मी नाही म्हटलं. विकायचं तर सौंदर्यप्रसाधनांचे २०२० चे नियम लागू होतात, परवाना काढावा लागतो. घरगुती असं लेबल लावून सुटका होत नाही.

यंदाचा पुढचा घाणा मात्र लवकर घ्यावा लागणार. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला वडी हवी तर विसर्जन झालं की लगेच टाकायला हवा, पाऊस गेलेला असो वा नसो. या वेळी उटण्याचा करणार आहे, नागरमोथा आणि वाळा आणून ठेवलाय, आंबेहळद मुद्दाम वगळलीय. सासूबाईंनी आत्ताच बजावलंय: "तुझा साबण वर्षभर लावेन. नरकचतुर्दशीला मोती आणायला विसरू नकोस."