गंगापूर रोडवरील पेटंट एजंट परीक्षेचा वर्ग: चार महिन्यांचा अनुभव

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी नाशिकमधील सातपूरच्या एका औषध कारखान्यात गुणनियंत्रण विभागात तीन वर्षे काम केले आणि त्यानंतर गंगापूर रोडवर शनिवार-रविवारी चालणाऱ्या या वर्गात प्रवेश घेतला. पुढे तक्रारही नोंदवायची असल्याने वर्गाचे नाव देत नाही.

तक्रार जाहिरातीविषयी आहे. तीत ‘पेटंट अ‍ॅटर्नी व्हा’ असे छापले होते, म्हणजे पेटंटचे वकील व्हा. पेटंट कायदा, १९७० च्या कलम १२६ नुसार नोंदणी होते ती ‘पेटंट एजंट’ म्हणून, म्हणजे पेटंट कार्यालयापुढे इतरांचे अर्ज मांडणारा प्रतिनिधी म्हणून, आणि तिच्यासाठी भारतीय नागरिकत्व, वयाची २१ वर्षे पूर्ण, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी आणि परीक्षेतील यश लागते. वकिलीची पदवी लागत नाही. माझ्या तुकडीतील दोघींना मात्र न्यायालयात पेटंटचे खटले चालवायचे होते. त्यासाठी एलएल.बी. आणि सनद हवी, हे त्यांना तिसऱ्या आठवड्यात, पूर्ण शुल्क भरून झाल्यावर समजले. हे मला अजिबात पटलेले नाही.

शिकवण्याबाबत मात्र मी मनापासून समाधानी आहे, विशेषतः क्लेम, म्हणजे शोधात नेमके कशावर हक्क मागतो ते सांगणारे वाक्य, लिहिण्याच्या सरावाबाबत. सरांनी पहिल्याच रविवारी द्राक्षछाटणीची कात्री टेबलावर ठेवली आणि तिचा क्लेम लिहायला सांगितले. प्रयोगशाळेतील नोंदवहीच्या सवयीने मी पोलादी पाती, पितळी स्क्रू, प्लास्टिकची मूठ असे सारे काही लिहिले. सरांनी एवढेच विचारले, “उद्या कोणी पितळेऐवजी पोलादी स्क्रू लावून हीच कात्री विकायला आणली, तर तिला कसे अडवाल?” क्लेममधला प्रत्येक अनावश्यक शब्द आपल्याच शेताचा बांध आत सरकवतो, हे तेव्हा उमगले. उलट शब्द फार सैल ठेवले, तर बाजारातली जुनी कात्रीही त्यात बसते आणि नावीन्याचा दावा टिकत नाही. हा तोल साधायला मला नऊ मसुदे लागले, आणि प्रत्येक मसुदा लाल शाईतल्या शेऱ्यांसह आठवड्याभरात परत मिळाला.

कशाला पेटंट मिळत नाही हे सांगणारे कलम ३ शिकवतानाही नुसते पाठांतर नव्हते. हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये मिळालेले पेटंट सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन १९९७ मध्ये रद्द करवले, ती हकिकत पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाकारणाऱ्या कलम ३(पी) सोबत आली. नोव्हार्टिस या औषध कंपनीच्या, ज्ञात औषधाच्या नव्या स्फटिकरूपाविषयीच्या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालावर तर दोन पूर्ण तास गेले. एकाच रेणूची निरनिराळी स्फटिकरूपे मी कारखान्यात रोज तपासत असे. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने औषधाची परिणामकारकता वाढल्याचे दाखवता आले नाही, तर कलम ३(डी) खाली पेटंट का नाकारले जाते, हे त्या दिवशी स्पष्ट झाले. विज्ञानाची पदवी या कामात कुठे उपयोगी पडते, याचे मला मिळालेले हे पहिले ठोस उत्तर होते.

तोंडी परीक्षेची तयारी फारच अपुरी होती. दोन लेखी प्रश्नपत्रिका प्रत्येकी १०० गुणांच्या आणि तोंडी परीक्षा ५० गुणांची असते. प्रत्येक लेखी प्रश्नपत्रिकेत ५० आणि एकूण ६० टक्के गुण आवश्यक असतात. म्हणजे तोंडी परीक्षेवर निकाल फिरू शकतो, तरीही तिच्यासाठी केवळ एक दुपार राखली होती. प्रवेश घेणाऱ्यांनी शुल्क भरण्यापूर्वी ही सत्रे वाढवून मागावीत, आणि वकिली करायची असल्यास विधी महाविद्यालयाची चौकशी आधी करावी.