सांगलीतलं जुन्या पुस्तकांचं दुकान, ४ स्टार देतोय

स्टँडजवळच्या या दुकानात अमेरिकन लेखक अप्टन सिंक्लेअरचं 'द जंगल' ८० रुपयाला घावलं, घरी येऊन बघतोय तर मधली आठ पानं गायब, परत गेलो तर मालक म्हणाले "अहो जुनं म्हटल्यावर असं व्हायचंच", पण ५० परत दिले म्हणून एकच स्टार कापला. पुस्तक मात्र नादखुळा! शिकागोच्या कत्तलखान्यातली घाण अशी लिहिलीय की दोन दिवस तांबडा रस्सा नको वाटला. १९०६ ला पुस्तक आलं अन् त्याच वर्षी अमेरिकेत मांस तपासणीचा कायदा झाला, गड्यानं लिहिले कामगारांचे हाल, लोकांना पडली आपल्या ताटाची. पुढं १९३४ ला कॅलिफोर्नियात गव्हर्नरच्या निवडणुकीला उभारला, पडला. दुकानात जाताना सुट्टे न्या.